सतरावी वाट

आमच्या घरात एक नियम होता. रविवारी सकाळी दहाला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत यायचं नाही. हा नियम आईने केला, पण मूळचा तो तिचा नव्हताच. इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या घरमालकिणीचा होता, जिला मी जन्मात पाहिलेलं नाही.

थांबा, नीट सांगते. मी टाइप करायला लागले की बोटं डोक्याच्या पुढे पळतात, पूर्वीपासूनच. बाबा आतल्या खोलीत झोपलेत, तासाभराने उठतील, तेवढ्यात मला हे सगळं लिहून काढायचंय.

तर, आई-बाबांचं लग्न झालं आणि बाबा तिला घेऊन आधी इंग्लंडला गेले, मिडलँड्समध्ये, एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून. तिथे एका बाईंच्या घरात वरची खोली. बाई चांगल्या होत्या, पण रविवारी त्यांना घर एकटीला लागायचं. दहा वाजले की जिन्याखालून हाक यायची, दहा वाजले, निघा आता. की हे दोघं बाहेर, पाचपर्यंत. जाणार कुठे? रविवारी तिकडे सगळं बंद. मग कोपऱ्यावरच्या चर्चमधल्या बायकांनी छापलेलं एक हिरवं पुस्तक बाबांना मिळालं, पोस्टकार्डाएवढं. आसपासच्या खेड्यांतून पायी फिरायच्या वीस वाटा. प्रत्येक वाट जिथून सुरू होते तिथेच संपणार. कुंपण डाव्या हाताला ठेवा, ओढा ओलांडा, चर्चचा कळस समोर धरून शेतातून तिरकं चालत जा. बाबा म्हणायचे, रस्ता सांगावा तर त्या बायकांनी, अगदी आपल्याकडे पारावरची माणसं सांगतात तसा. कुंपणावरून चढून पलीकडे उतरायला तिथे लाकडी पायऱ्या असतात. आईने त्यांचं नाव घोडी ठेवलं होतं. नऊवारी नाही पण पाचवारी खोचून, वर लोकरी कोट घालून, घोडीवर चढलेली आई, मागे मेंढ्या, असा एकच फोटो आहे आमच्याकडे. त्यात ती इतकी हसतेय की चेहरा हललाय.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती शेतं लोकांच्या मालकीची असायची, तरी वाट सगळ्यांची. कुणी अडवायचं नाही. फक्त फाटक उघडलंत तर लावून घ्या. बाबांना ह्यात काही नवल वाटलं नाही. ते साताऱ्याकडचे, शाळेला दुसऱ्यांच्या बांधांवरून चालत गेलेले. बांधावरून जायला कुणी परवानगी मागतं का, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वीसपैकी तेरा वाटा दोघांनी चालून पुऱ्या केल्या, आईने पुस्तकात प्रत्येकीपुढे पेन्सिलने टिकमार्क केली, आणि मग अमेरिकेतली, ओहायोची नोकरी आली. सात राहिल्या.

ओहायोतल्या डब्लिन गावात घर घ्यायचं बाबांनी का ठरवलं, माहितीये? शाळा नाही, ऑफिस नाही. तिथे जुन्या दगडी भिंती आहेत, चुना न लावता नुसते दगड एकावर एक रचलेल्या, शेतांच्या कडेने. बाबांनी गाडी थांबवली आणि आईला म्हणाले, बघ, तिकडच्यासारख्या. हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि पाहुणे प्रॉपर्टी टॅक्स किती ते विचारायचे. तेव्हा आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, मागे मका आणि सोयाबीनच होतं सगळं. गावात आपली माणसं मोजून सात-आठ घरं. हिंग संपला की पुढच्या इंडियन ग्रोसरीच्या फेरीपर्यंत सगळ्यांचीच आमटी बिनहिंगाची. चिवडा आम्ही नाश्त्याच्या सीरियलचा करायचो, आणि तो इतका भारी लागायचा ना, मी अजून तसाच करते, माझी मुलं नाक मुरडतात.

आई आजारी पडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. कॅन्सर हा शब्द घरात मराठी वाक्यात कधी आला नाही, तो फोनवर, इंग्लिशमध्ये, हळू आवाजात असायचा. तिचा पलंग खाली फॅमिली रूममध्ये आणला, मागच्या अंगणाकडे तोंड करून. घराचा आवाजच बदलला. आधी सकाळी कुकरची शिट्टी, आईचं गुणगुणणं, भारतातून आलेल्या कॅसेटमधला आजोबांचा आवाज, शेवटी हमखास खोकला. आता नुसता फ्रीजचा आवाज. बाबा दिवसभर तिच्या पायाशी खुर्ची टाकून बसायचे, मी दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहायचो. एका रविवारी ती वैतागली. घड्याळाकडे बघून त्या म्हाताऱ्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "दहा वाजले. निघा आता."

बाबा हसले. तिला वाटलं, हे मस्करी समजतायत. मग तिने उशीखालून ते हिरवं पुस्तक काढलं. "सात राहिल्यात," ती म्हणाली. "इथे चाला, कुठेही चाला. पण वीस पुऱ्या करा आणि मला येऊन सांगा. मला ऐकायच्यात."

त्या दिवसापासून शैलामावशी रविवारी आईजवळ यायला लागली. ती नागपूरची, हॉस्पिटलात नर्स, आमच्याच रस्त्यावर राहायची आणि आईला वहिनी म्हणायची. मला तेव्हा वाटायचं आई आम्हाला मजा म्हणून पाठवतेय. आता कळतं, त्या सात तासांत तिला कण्हायचं असायचं, ओकायचं असायचं, आणि ते आमच्यासमोर नको असायचं. मावशीने हे मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, माझ्या लग्नात, तेही भांडी मोजता मोजता.

बाबा आठवडाभर तयारी करायचे. काउंटीचा नकाशा टेबलावर, फूटपट्टी, पुस्तक. चौदाव्या वाटेत साडेचार मैल आणि ओढा आहे, तर आपला ओढा कुठला? पंधराव्यात टेकडी आहे. ओहायोत टेकडी कुठून आणायची? तर नवीन घरं बांधायला उकरलेल्या मातीचा एक ढीग होता, दोन मजली, त्यावर चढलो आम्ही. वर उभं राहून बाबांनी पुस्तकातलं मोठ्याने वाचलं, इथून तीन परगणे दिसतात. आम्हाला एक गॅस स्टेशन आणि शाळेच्या बसचा डेपो दिसला. मी इतकी हसले. बरोबर डबा असायचा, दशम्या आणि लसणाची चटणी. आईला उभं राहवायचं नाही, तरी कणीक ती पलंगावर बसूनच दुधात भिजवायची, लाटायचे बाबा. दशम्यांना कोपरे असायचे. परत आल्यावर डबा रिकामा दाखवायचा, हा पण नियम. मग मी सांगायचे. मीच. बाबा मुद्द्याचं सांगून मोकळे व्हायचे, मी मात्र कुठलं कुत्रं भुंकलं इथपर्यंत. आई डोळे मिटून ऐकायची, मध्येच विचारायची, घोड्या किती होत्या? फाटक लावलंस ना? आणि मग टिकमार्क. चौदा, पंधरा, सोळा.

सतराव्या वाटेत ती जागा होती, जी बाबांच्या सगळ्यात आवडीची. फाटकातून आत जा, कळस समोर धरा, शेतातून तिरकं पलीकडे. एवढंच. बाबांनी महिनाभर तसं शेत शोधलं आणि त्यांना ते सापडलं. घरापासून तीन मैलांवर, सोयाबीन नुकतं काढलेलं, नुसते बुडखे राहिलेले, आणि पलीकडच्या टोकाला पांढरं लाकडी चर्च, टोकदार कळसाचं. बाबा मला म्हणाले, नीलू, हे अगदी तेच आहे गं. फाटकाच्या खांबावर नारिंगी पाटी होती, आत येऊ नये अशी. मी ती दाखवली. बाबांनी वाचली. म्हणाले, ती गाड्यांसाठी असणार. शेताच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला देऊळ असेल तर मधून वाट असतेच, लोक काय सात मैल वळसा घालून जातात का? आणि आपण काय नेणार आहोत इथून. तुम्हाला हसू येईल, पण ते जिथे वाढले आणि जिथे संसार सुरू केला, त्या दोन्ही देशांत त्यांचं बरोबर होतं.

आम्ही अर्ध्यावर असू. बाबा पुढे, हातात पुस्तक, खांद्याला डब्याची पिशवी, अंगावर इंग्लंडमध्ये घेतलेला तपकिरी कोट, डोक्यावर टोपी. मी मागे. पिकअप ट्रक आला तो सरळ शेतातून, आमच्याकडे, सावकाश. मागच्या काचेला बंदूक अडकवलेली होती. उतरला तो साठीचा माणूस, डोक्यावर टोपी, ओरडला वगैरे अजिबात नाही. विचारलं, काही मदत करू का तुम्हाला? पण ती मदत करायची विचारणा नव्हती, हे मला कळलं. बाबांना नाही कळलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी टोपी काढली, गुड आफ्टरनून म्हणाले, आणि त्यांच्या त्या स्वच्छ, जुन्या वळणाच्या इंग्लिशमध्ये सुरुवात केली की आम्ही एका वाटेने चाललो आहोत, माझी पत्नी आजारी असते, आणि हे पुस्तक. त्यांनी ते पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. सतरावं पान.

आणि मी ट्रककडे बघितलं. आत ट्रेसी बसली होती. माझ्या वर्गातली, माझ्या बसमधली. त्या शेतकऱ्याची नात. तिच्या तोंडात च्युइंगगम होता आणि ती चघळायची थांबली होती.

पुढचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला पण नाही. मी बाबांच्या पुढे गेले आणि बोलले, भरभर, ट्रेसी बोलते तशा ओहायोच्या इंग्लिशमध्ये. म्हटलं, सॉरी, ह्यांना इंग्लिश येत नाही. ह्यांना काही कळत नाही, गोंधळतात. मी घरी घेऊन जाते.

बाबांचं वाक्य अर्धं होतं. ते तसंच राहिलं. त्यांनी तोंड मिटलं. ज्या माणसाने मला स्पेलिंग बी स्पर्धेच्या शब्दांची यादी रोज रात्री जेवताना विचारली, तो माणूस. मी स्वतःला खूपदा सांगितलंय की मी त्यांना वाचवत होते, आपली मुलं बँकेत, दवाखान्यात पुढे होऊन आई-बापांसाठी बोलतात तशी. बंदूक होती, मी घाबरले होते, हे खरंच आहे. पण ट्रेसी तिथे नसती तर मी बोलले असते का? नसते बोलले. हे मला त्या क्षणीसुद्धा माहीत होतं.

शेतकऱ्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, मला तर त्यांचं सगळं नीट कळलं. मग थोडं थांबून, हळू आवाजात म्हणाला, "वडिलांना घरी ने, बाळ."

आम्ही आलो तसे परत गेलो. ट्रक आमच्या मागून चालला होता, सावकाश, फाटकापर्यंत. बाबांनी फाटक लावलं. कडी घातली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. मग मोठ्या रस्त्याच्या कडेने, गाड्या अंगावरून जात होत्या, फुटपाथ कुठला तिथे. बाबा मैलभर पुढेच चालत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. एका ठिकाणी लोखंडी कठडा होता, तिथे ते बसले, डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. "खा," म्हणाले. "डबा रिकामा लागतो तिला." मी एक दशमी घेतली. ते बघत नसताना ती माझ्या कोटाच्या खिशात टाकली.

घराच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा चारसुद्धा वाजले नव्हते. बाबा तिथेच दगडी भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, थंडी वाजतेय, जाऊ या ना. तर म्हणाले, "पाचपर्यंत थांबू. लवकर गेलो तर तिला कळेल." तास-सव्वातास आम्ही आमच्याच घराकडे बघत उभे होतो. खालच्या मजल्यावर मावशीने दिवा लावलेला दिसला.

त्या दिवशी सांगायचं काम बाबांनी केलं. मी पलंगाच्या कडेला बसले, आई माझा हात धरून. बाबांनी फाटक सांगितलं, शेत सांगितलं, कळस, आणि मग ते शेत त्यांनी पार केलं. पलीकडच्या दोन घोड्या, चर्चच्या आवारातलं जुनं झाड, त्याखाली बसून खाल्लेल्या दशम्या. इतकं छान त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. आई डोळे मिटून होती.

"कुणी भेटलं का?" तिने विचारलं.

"भेटला ना," बाबा म्हणाले. "शेताचा मालक. आम्हाला बघून मुद्दाम आला ट्रक घेऊन. म्हणाला, चालायला दिवस छान आहे. त्याची नात होती बरोबर, नीलूच्या वर्गातली."

आईने डोळे उघडले. तिला केवढा आनंद झाला. "बघा, मी म्हणत होते ना, इकडे पण तशी माणसं असतात. मग तू काय बोललीस गं त्यांच्याशी?"

 फ्रीजचा आवाज येत होता. बाबा पिशवीतून डबा काढत होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिने माझी ओळख करून दिली."

आईने पेन्सिल मागितली. सतराव्या वाटेपुढची टिकमार्क जरा वाकडी आहे.

पुढच्या रविवारी तिने दहा वाजले म्हटलं, तर बाबा म्हणाले पाऊस येईल असं वाटतंय. आभाळ निळं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ती हॉस्पिटलात होती. तिथे एकदा आम्ही दोघीच असताना ती म्हणाली, तुझा कोट धुवायला टाकताना मावशीला खिशात दशमी सापडली. मला वाटलं आता विचारेल, आणि मी सगळं सांगून टाकेन, तोंडावर आलं होतं माझ्या. पण तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना एकटं चालायला सोडू नकोस." नर्स आत आली, आणि ते राहून गेलं. नाताळाच्या आधी आई गेली. अठरा, एकोणीस, वीस राहिल्या त्या राहिल्याच. बाबा पुन्हा कधी चालायला गेले नाहीत. रविवारी दहाला ते खाली बेसमेंटमध्ये जायचे आणि पाचला वर यायचे. काय करायचे कुणास ठाऊक. मी कॉलेजला कॅलिफोर्नियाला गेले, तिथलीच झाले. मी माफी मागितली नाही. फोनवर मागायची गोष्ट नाही असं म्हणत म्हणत इतकी वर्षं गेली, यार, आणि फोनवर बाकी सगळं बोलले मी. हवा, गुडघे, मुलांचे मार्क.

आता बाबा पंच्याऐंशीचे आहेत. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, जुनं मात्र सगळं जागच्या जागी आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी फ्रीमाँटहून दोन महिन्यांसाठी आलेय त्यांच्याजवळ. आणि काय सांगू, ते शेत आता पार्क झालंय. गावाने घेतलं. मधून डांबरी पायवाट, तिरकी, सरळ त्या पांढऱ्या चर्चकडे जाणारी. तशीच तिरकी. फाटक नाही, पाटी नाही, फक्त कुत्र्याची घाण उचला असं लिहिलंय. मला हे कळल्यावर मी वेडीच झाले. दुसऱ्याच दिवशी, रविवार होता, पहाटे उठून दशम्या केल्या, माझ्या गोल होतात, पुस्तक घेतलं, बाबांचा कोट आता नवा पण तपकिरीच, आणि बाबांना गाडीत बसवलं. म्हटलं, जमेल तेवढं चालू, आज सांगून टाकायचं. पण नाश्ता, गोळ्या, त्यांची झोप, करता करता निघायलाच तीन वाजले.

पार्किंग लॉटच्या कडेला, जिथून पायवाट सुरू होते तिथे, बाबा थांबले. पुढे पाऊल टाकेनात. समोर कळस होता, स्वच्छ ऊन. मी हात धरला तर हात मागे घेतला.

"विचारलंस का?" ते म्हणाले.

"कुणाला, बाबा?"

"ज्यांचं शेत आहे त्यांना."

मी सांगितलं की हे सगळ्यांचं आहे आता, कुणीही येतं. ते मान हलवत राहिले. तेवढ्यात समोरून एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या, कुत्र्याला घेऊन, आणि हसून हॅलो म्हणाल्या. आणि मला काय झालं माहीत नाही, मी त्यांना अडवलंच. इंग्लिशमध्ये म्हटलं, हे माझे बाबा. हे इंजिनिअर होते. ह्यांचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे. माझा आवाज चढला होता बहुतेक. त्या बाई जरा गोंधळल्या, मग बाबांकडे बघून म्हणाल्या, चालायला दिवस छान आहे.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी टोपी काढली. त्या पुढे निघून जाईपर्यंत ते टोपी हातात धरून उभे होते. ओठ हलले, मिटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी बोलावं म्हणून बघितलं. त्यांच्या वतीने.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"चल," ते म्हणाले, आणि गाडीकडे वळले. गाडीत बसले, पट्टा लावला. मी किल्ली फिरवली तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. डॅशबोर्डवरच्या घड्याळात पावणेचार होत होते.

"पाचपर्यंत थांबू," बाबा म्हणाले. "लवकर गेलो तर तिला कळेल."

मी गाडी बंद केली. समोर ती वाट होती आणि लोक येत-जात होते. मी डबा उघडला, त्यांना दशमी दिली, मी एक घेतली. चटणी जरा तिखट झाली होती. आम्ही दोघांनी मिळून तो डबा रिकामा केला.